पाण्याखालची शंका

१९७१ च्या नोव्हेंबरचे शेवटचे दिवस. विशाखापट्टणमच्या कंत्राटदारांकडे नौदलाकडून मांसाची आणि ताज्या भाजीची भलीमोठी मागणी गेली. एखादा अख्खा ताफा बंदरात येऊन थांबणार आहे असंच ती ऐकून कुणालाही वाटावं. बंदराच्या गावात अशी बातमी लपून राहत नाही, आणि ती लपू नये हीच तर इच्छा होती. त्याच सुमारास एक तार गेली, सांकेतिक लिपी वगैरे काही न वापरता. विक्रांतवरच्या कुणा नौसैनिकाला आपल्या अत्यवस्थ आईची खुशाली हवी होती. युद्ध दारात आलेलं असताना एवढा निष्काळजीपणा? पण तार शत्रूच्या कानावर पडावी म्हणूनच पाठवलेली होती. विक्रांत, म्हणजे त्या वेळचं भारताचं एकमेव विमानवाहू जहाज, विशाखापट्टणमला नव्हतंच. ते अंदमानातल्या पोर्ट कॉर्नवॉलिस नावाच्या आडबाजूच्या खाडीत जाऊन थांबलं होतं.

हा सगळा बनाव व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांचा. पूर्व नौदल विभागाचे ते प्रमुख होते आणि त्यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. विक्रांतच्या बॉयलरला तडा गेलेला होता. जहाज पूर्ण वेगानं धावू शकत नव्हतं, आणि पाणबुडीच्या तडाख्यातून सुटायचं तर आधी वेग लागतो. दुसरी अडचण म्हणजे गाझी. कराचीहून निघायचं, सिलोनला वळसा घालायचा, बंगालच्या उपसागरात आठवडेच्या आठवडे काढायचे आणि पुन्हा घरी परतायचं, एवढा पल्ला असलेली पाकिस्तानची ती एकच पाणबुडी. ती येणार हे कृष्णन धरूनच चालले होते. ती विक्रांतला कुठे शोधेल, एवढंच ठरवायचं बाकी होतं, आणि ते आपणच ठरवायचं असा त्यांचा विचार.

विक्रांतचं सोंग वठवायला निवडली गेली राजपूत ही विनाशिका. समुद्रात जाऊन मोठ्या जहाजाच्या थाटात बिनतारी संदेशांचा धुरळा उडवायचा, हे तिचं काम. संदेश ऐकणाऱ्याला जहाज दिसत नाही. त्याला फक्त आवाजाचा फुगवटा कळतो.

१९७१ चं सागरी युद्ध म्हटलं की आपल्याकडे एकच चित्र उभं राहतं. कराचीवर चालून गेलेल्या क्षेपणास्त्र नौका, केमारीच्या पेटलेल्या तेलटाक्या, ४ डिसेंबरचा नौदल दिन. चित्र खरं आहे आणि अभिमानाचंही आहे. पण त्याच पंधरवड्यात आपल्या दोन्ही किनाऱ्यांजवळ दुसरंही एक युद्ध चाललं होतं, विनाशिका, फ्रिगेट आणि पाणबुड्यांचं. त्यात टॉर्पेडो मोजकेच सुटले. जहाजं हलवली, दडवली, वळवली आणि बुडवली ती मुख्यतः शंकेनं. पाण्याखाली कुणीतरी आहे, किंवा असेल, किंवा अजून गेलेलं नसेल, या शंकेनं.

*

विशाखापट्टणमच्या तोंडाशी ज्या दोन जहाजांची गाठ पडणार होती, ती दोन्ही मुळात दुसऱ्याच युद्धासाठी बांधलेली होती.

राजपूतचं मूळ नाव रॉदरहॅम. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत बांधलेली ही विनाशिका १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली. पुढे ती हिंदी महासागरातल्या ब्रिटिश ताफ्यात आली, आणि १९४५ च्या सप्टेंबरमध्ये जपाननं सिंगापूर सोडलं तेव्हा तिथल्या नाविक तळाचा ताबा रॉदरहॅमच्या कॅप्टननं घेतला. त्या तळाच्या एका दरवाजाला पुढे रॉदरहॅम गेट असं नावही पडलं. १९४९ मध्ये ती, रिडाउट आणि रेडर अशा तीन विनाशिका भारतानं घेतल्या. राजपूत, रणजित आणि राणा ही त्यांची इकडची नावं. नव्या प्रजासत्ताकाची तयारी चाललेल्या देशाच्या नौदलाला साम्राज्याची वापरलेली जहाजं घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी विक्रांतभोवती जो ताफा होता त्यात राजपूत होती आणि खुकरीही होती. खुकरीकडे पुढे वळतोच.

गाझीचा जन्म अमेरिकेतला. पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत बांधलेली, टेंच वर्गाची, नाव डायब्लो. १९४५ च्या मार्चअखेर ती सेवेत आली आणि ऑगस्टमध्ये पर्ल हार्बरहून पहिल्या युद्धगस्तीवर निघाली. वाटेत असतानाच जपाननं शरणागती पत्करली. म्हणजे ज्या युद्धासाठी ती बांधली गेली त्यात तिनं एकही टॉर्पेडो सोडला नाही. १९६४ मध्ये अमेरिकेनं ती पाकिस्तानला भाडेपट्ट्यानं दिली. उपखंडातल्या कुठल्याही नौदलाची ती पहिली पाणबुडी. आपल्याकडे तोवर एकही नव्हती. आपली पहिली पाणबुडी, कलवरी, सोव्हिएत संघातल्या रीगा इथे सेवेत आली ती १९६७ च्या डिसेंबरात.

१९६५ च्या युद्धात हीच गाझी मुंबईबाहेर येऊन थांबली होती. पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या, की चिडून भारतीय ताफा मुंबईतून बाहेर पडेल आणि गाझी त्याला गाठेल असा हिशेब होता. तो जमला नाही. नंतर तिनं एका भारतीय जहाजावर टॉर्पेडो सोडले, स्फोट ऐकले, जहाज बुडाल्याचं कळवलं. ब्रह्मपुत्रा बुडाली असं पाकिस्तानात जाहीर झालं, खलाशांना पदकंही मिळाली. ब्रह्मपुत्रा धडधाकट होती. पत्रकारांना बोलावून ती दाखवण्यात आली. यात पाकिस्तानी खलाशी खोटं बोलले असं मानायचं कारण नाही. पाणबुडीतल्या माणसाला समुद्र ऐकू येतो, क्वचित दुर्बिणीतून दिसतो. बाकीचं सगळं त्यानं अंदाजानं भरून काढायचं असतं. टॉर्पेडो जहाजावर आदळून फुटला की नुसताच तळाशी जाऊन, हे आवाजावरून सांगणं कठीण असतं.

सहा वर्षांनी, १४ नोव्हेंबर १९७१ रोजी, कमांडर झफर मुहम्मद खान यांच्या हाताखाली ९० हून अधिक माणसं घेऊन गाझीनं कराची सोडलं. विक्रांतला शोधून बुडवायचं आणि विशाखापट्टणमच्या तोंडाशी सुरुंग पेरायचे, अशी कामगिरी. ती पूर्वेकडे येते आहे याचा एक सुगावा कृष्णन यांच्या लोकांना कसा लागला ते वाचताना मला या प्रकरणात सर्वांत मजा वाटते. चितगावच्या नौदल अधिकाऱ्यांना गेलेला एक संदेश पकडला गेला. त्यात एका विशिष्ट वंगणतेलाची चौकशी होती. हे तेल फक्त पाणबुड्या आणि सुरुंगशोधक नौका वापरतात. गुप्तहेर नाही, फितुरी नाही. तेलाच्या डब्यानं पाणबुडीचा माग दिला.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिम सीमेवरच्या विमानतळांवर हल्ले केले. मध्यरात्रीनंतर पंतप्रधान इंदिरा गांधी आकाशवाणीवर बोलल्या. साधारण त्याच वेळी लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांची राजपूत विशाखापट्टणमच्या चिंचोळ्या खाडीमार्गातून अंधारात बाहेर पडत होती. वाट दाखवणारा पायलट उतरला. इंदर सिंग यांच्या मनात आलं, की पाणबुडी असलीच तर ती इथेच, बाहेर पडण्याच्या वाटेवर दबा धरून असणार. त्यांनी वेग वाढवला. थोड्याच वेळात टेहळणीवरच्या माणसाला पुढे उजव्या अंगाला पाणी खळबळलेलं दिसलं. जहाज तिकडे वळलं आणि दोन डेप्थ चार्ज टाकले गेले. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकांनी भरलेलं पिंप. किती खोलीवर फुटायचं ते आधी ठरवून दिलेलं असतं आणि पाण्याचा दाब त्याचा घोडा ओढतो. ते टाकणाऱ्या जहाजाला जोर लावून पुढे निघून जावं लागतं, नाहीतर स्वतःचाच मागचा भाग हादरतो. राजपूतला जबर हिसका बसला. काही दिसलं नाही. ती पुढे आपल्या कामगिरीवर निघून गेली.

त्या रात्री विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी मोठा स्फोट ऐकला, घरांच्या खिडक्या थरथरल्या. दुसऱ्या दिवशी मच्छीमारांना पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तू मिळाल्या. निस्तार या बचावनौकेवरचे पाणबुडे खाली उतरले आणि त्यांना गाझी सापडली. ९ डिसेंबरला ही बातमी जाहीर झाली.

आता कठीण भाग. गाझी बुडवली कुणी?

आपली अधिकृत गोष्ट राजपूतच्या बाजूची आहे. पाकिस्तानचं म्हणणं, तिनंच पेरलेल्या किंवा पेरत असलेल्या सुरुंगांपैकी एखादा फुटला. तिसरा तर्क भारतीय नौदलातल्याच जाणत्या लोकांनी मांडलेला आहे. बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, तो जुन्या पाणबुडीत साचला असेल आणि एका ठिणगीनं पुढच्या भागातले टॉर्पेडो आणि सुरुंग उडाले असतील. पाणबुड्यांनी पाहिलेला सांगाडा पुढच्या बाजूला फाटलेला होता, आणि तो आतून झालेल्या स्फोटानं फाटला असावा, असं पुष्कळांचं मत आहे. राजपूतचे दोन डेप्थ चार्ज आतल्या स्फोटाला कारण झाले असंही म्हणता येतं. तसं म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही.

मला स्वतःला वाटतं, या वादात आपण उगाच भलत्या ठिकाणी अभिमान अडकवून ठेवला आहे. ते दोन डेप्थ चार्ज नेमके लागले की नाही याहून मोठं काम आधीच झालेलं होतं. ९० माणसं घेऊन एक पाणबुडी हजारो मैल आली ती जिथे विक्रांत नव्हतं तिथे. तिनं वाट पाहिली ती भाजी-मांसाच्या मागणीची आणि एका आजारी आईच्या तारेची. ४ डिसेंबरच्या सकाळी विक्रांतची सी हॉक विमानं कॉक्स बाजारवर आणि नंतर चितगाववर घिरट्या घालू लागली, तेव्हा गाझी त्यांच्यापासून शेकडो मैल दूर, गाळात होती. सुरुंगानं बुडाली असली तरी ती बनावाला फसूनच तिथे आलेली होती. कृष्णन यांचं श्रेय डेप्थ चार्जच्या नेमावर अवलंबून नाही. २०१७ मध्ये गाझीवर आलेल्या चित्रपटात तर तिला एक काल्पनिक भारतीय पाणबुडीच बुडवते. तमाशा म्हणून ठीक, पण त्यात राजपूतचंही श्रेय गेलं आणि कृष्णन यांचंही.

*

पश्चिमेकडे परिस्थिती नेमकी उलटी होती. इथे सोंग पाणबुडीनं घेतलं होतं.

ज्यांनी डिसेंबर १९७१ मुंबईत काढला त्यांना ब्लॅकआऊट आठवत असेल. खिडक्यांच्या काचांना लावलेला काळा कागद, गाड्यांच्या दिव्यांवर फासलेला अर्धा काळा रंग. नजर आकाशाकडे असायची, धोका वरून येईल म्हणून. हंगोर ही पाकिस्तानी पाणबुडी मात्र युद्ध सुरू होण्याआधीच मुंबईबाहेर येऊन दाखल झाली होती. फ्रान्समध्ये बांधलेली, डॅफ्नी वर्गाची, गाझीपेक्षा लहान आणि कितीतरी शांत. कमांडर अहमद तस्नीम तिचे कप्तान. वातानुकूलन यंत्रणेचा पंप बिघडला तेव्हा त्यांनी जे केलं ते त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं आहे. आत उकाडा असह्य झाला, पंप दुरुस्त करायचा तर पाणबुडी वर आणणं भाग होतं. तेव्हा मासेमारी होडीचं सोंग करून ती पाण्यावर आली आणि दुरुस्ती उरकून पुन्हा खाली गेली.

२ डिसेंबरच्या रात्री भारताचा पश्चिम ताफा मुंबईहून निघाला आणि हंगोरच्या जवळजवळ डोक्यावरून गेला. तस्नीम यांना जहाजं ऐकू येत होती. पण युद्ध अजून सुरू झालं नव्हतं, हल्ल्याचा हुकूम नव्हता. ताफा निघून गेला. दोन दिवसांचा फरक पडला असता तर त्या युद्धाचा पश्चिमेकडचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. ताफा दिसल्याची खबर हंगोरनं कराचीला कळवली, आणि त्या संदेशाच्या लहरी भारतीय केंद्रांनीही पकडल्या. आता मुंबईतही ठाऊक झालं की बाहेर कुणीतरी आहे.

मधल्या काळात कराचीवरचा तो प्रसिद्ध हल्ला झाला. त्याबद्दल एकच सांगतो. ४ डिसेंबरच्या रात्री निर्घात या क्षेपणास्त्र नौकेनं पाकिस्तानी विनाशिका खैबर बुडवली. खैबर म्हणजे मूळची ब्रिटिश कॅडिझ, दुसऱ्या महायुद्धात जलावतरण झालेली. राजपूतच्याच पिढीची. क्षेपणास्त्र येताना पाहून खैबरवरच्या लोकांना वाटलं विमानं चालून आली, आणि त्यांनी विमानविरोधी तोफा सुरू केल्या. समोर होती जेमतेम २०० टनांची नौका, तीही क्षितिजाच्या पलीकडे. बलाढ्य तोफा घेऊन धावणाऱ्या जुन्या विनाशिकेचं युग त्या रात्री निदान आपल्या समुद्रात तरी संपलं.

पण क्षेपणास्त्राचा पाणबुडीपुढे काही उपयोग नव्हता. तिला शोधायचं तर जहाजंच लागत, सोनार लावलेली. ८ डिसेंबरला खुकरी आणि किरपाण ही दोन फ्रिगेट मुंबईहून हंगोरच्या मागावर निघाली. ताफ्याच्या त्या तुकडीत तिसरं जहाज होतं कुठार, पण बॉयलरच्या अपघातानं ते आधीच निकामी झालं होतं.

खुकरी ही ब्रिटनमध्ये कौझ इथे बांधलेली, १९५८ मध्ये दाखल झालेली. ब्लॅकवुड वर्गाची ही जहाजं ब्रिटिशांनी अटलांटिक डोळ्यांसमोर ठेवून, पाणबुड्या मारण्यासाठी आणि स्वस्तात बांधली होती. कामाला चांगली, पण त्यांचा सोनार १९५० च्या दशकातला. हंगोरला ती जहाजं कितीतरी दुरून ऐकू येत होती. तिचा पत्ता लागायला जहाजांना अगदी जवळ यावं लागलं असतं.

यात उष्ण समुद्राचाही हात आहे. सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. पण पाण्यात आवाज सरळ जात नाही, तो थंड पाण्याकडे वाकतो. वरचं पाणी उन्हानं तापलेलं आणि खालचं गार असलं, की जहाजाच्या सोनारची लहर खाली वाकते आणि काही अंतरावर एक पट्टा असा उरतो की तिथे ती पोचतच नाही. त्या सावलीत पाणबुडी निवांत बसू शकते. दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकी नौदलात असं लक्षात आलं होतं म्हणे, की सोनार सकाळी झकास चालतो आणि दुपारी बिघडतो. आधी संशय आला तो सोनारवर बसणाऱ्या खलाशांवर, की जेवून सुस्तावतात. शेवटी थर्मामीटर खाली सोडल्यावर कळलं की सुस्ती पाण्याला येते. अरबी समुद्रात ही डोकेदुखी अटलांटिकपेक्षा कितीतरी जास्त.

सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी नौदलातले एक तरुण इलेक्ट्रॉनिक्स अधिकारी, लेफ्टनंट व्ही. के. जैन, एका नव्या जोडणीवर काम करत होते. ती खुकरीवर बसवलेली होती आणि ते स्वतः त्या फेरीत जहाजावर होते. जोडणीला नीट काम करायला जहाजाचा वेग कमी लागे. पाणबुडीच्या टापूत असताना जहाजानं वेगानं आणि वळणं घेत चालावं असा जुना नियम. जैन यांच्या यंत्राला मात्र संथ चाल हवी होती. त्या यंत्राची कल्पना चुकीची नव्हती. तिची परीक्षा प्रत्यक्ष शिकारी समोर असताना घ्यावी लागली, ही खरी अडचण.

तिकडे तस्नीम यांनी दोन्ही जहाजांच्या हालचाली नोंदवत त्यांच्या शोधाचा आराखडा ओळखला. ती ठरावीक चौकोनात फिरत होती. पाठलाग न करता हंगोर पुढे जाऊन थांबली. ९ डिसेंबरच्या रात्री, साडेआठ ते नऊच्या दरम्यान, दीवच्या नैऋत्येला साधारण ४० सागरी मैलांवर, तिनं पहिला टॉर्पेडो किरपाणवर सोडला. तो फुटला नाही. दुसरा खुकरीवर. तो जहाजाच्या पोटाखाली फुटला आणि दारूगोळ्यानं पेट घेतला. खुकरी दोनेक मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. जैनही गेले. वाचले ते ६७.

खुकरीचे कप्तान महेंद्र नाथ मुल्ला यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली आहे. आपला लाइफजॅकेट दुसऱ्याला देऊन, जमेल तेवढ्यांना पाण्यात ढकलून ते स्वतः जहाजावरच राहिले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. कप्तानानं जहाजाबरोबर बुडालंच पाहिजे असा नियम आपल्या नौदलात नाही, कधी नव्हता. मुल्लांनी ते केलं ते त्यांचं स्वतःचं. दोन मिनिटांत उतरणाऱ्या जहाजावर किती जणांना बाहेर काढता येईल याचा हिशेब त्यांनी काय केला असेल हे आपण किनाऱ्यावर बसून ठरवू नये. पण त्यांच्या हौतात्म्याचं इतकं गुणगान झालं, की खुकरी का बुडाली हा प्रश्न पुष्कळ वर्षं त्याच्या आड राहिला. मेजर जनरल इयन कार्डोझो यांनी वाचलेल्या लोकांच्या आठवणी गोळा करून पुस्तक लिहिलं तेव्हा कुठे जैन यांचं यंत्र, संथ वेग, अपुरा सोनार या गोष्टी सर्वसामान्य वाचकांपुढे नीट आल्या.

किरपाणचा प्रश्न त्याहून नाजूक. हंगोरनं तिच्यावरही पुन्हा टॉर्पेडो सोडला आणि ती तिथून बाहेर पडली. पाण्यात आपले लोक तरंगत असताना जहाज निघून गेलं, हे ऐकायला कुणालाही जड जातं. पण १९१४ च्या २२ सप्टेंबरला उत्तर समुद्रात काय घडलं ते नौदलातल्या प्रत्येकाला शिकवलेलं असतं. जर्मन पाणबुडी यू-९ नं अबूकर ही ब्रिटिश क्रूझर बुडवली. तिची माणसं वाचवायला होग थांबली, ती बुडाली. मग क्रेसी थांबली, तीही बुडाली. १,४०० हून अधिक माणसं गेली आणि ब्रिटिश नौदलानं धडा घेतला, की पाणबुडी जवळ असताना माणसं उचलायला थांबायचं नाही. थांबणारं जहाज म्हणजे पुढचं सावज. ९ डिसेंबरच्या रात्री हा धडा आणि माणुसकी एकमेकांसमोर उभ्या होत्या. कच्छल हे जहाज दुसऱ्या दिवशी आलं आणि त्यानं तरंगत असलेल्यांना उचललं.

त्यानंतर हंगोरचा जो पाठलाग झाला तो चार दिवस चालला. जहाजं आली, विमानं आली, डेप्थ चार्जचा मारा झाला. हंगोर निसटली. युद्ध संपल्यावर, १८ डिसेंबरला ती कराचीला पोचली. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं युद्धात जहाज बुडवल्याची जगातली ही पहिलीच घटना. पण त्या एका टॉर्पेडोनं एक फ्रिगेट बुडवलं, एवढाच त्याचा हिशेब मांडणं बरोबर नाही. जी जहाजं कराचीवरच्या तिसऱ्या क्षेपणास्त्र हल्ल्यात लागणार होती ती शोधाशोधीत अडकली. तो तिसरा हल्ला झालाच नाही.

*

आपल्या पाणबुड्यांचं काय, असं वाचक विचारतील. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यांनी काही बुडवलं नाही.

करंज आणि कुरसुरा या पाणबुड्या अरबी समुद्रात गस्तीवर होत्या. उरणजवळच्या करंजा बेटावरून नाव मिळालेल्या करंजचे कप्तान होते कमांडर विजयसिंह शेखावत. त्यांना वीरचक्र मिळालं आणि १९९३ मध्ये ते नौदलप्रमुख झाले. कराचीच्या वाटेवर तटस्थ देशांच्या व्यापारी जहाजांची गर्दी होती. समोरचं जहाज शत्रूचंच आहे याची पक्की खात्री पटल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही, असे सक्त हुकूम होते. पाणबुडीला अशी खात्री पटवायची तर दुर्बीण वर काढावी लागते, जवळ जावं लागतं, म्हणजे जिवावरचा धोका दुप्पट. भर समुद्रात हे जवळजवळ अशक्यच. परक्या देशाचं तेलवाहू जहाज बुडवून आंतरराष्ट्रीय गोंधळ ओढवून घेण्यापेक्षा हात बांधून घेणं सरकारला बरं वाटलं. मला तो निर्णय त्या वेळी शहाणपणाचा वाटतो. पण त्या पोलादी नळीत आठवडेच्या आठवडे बसलेल्यांना तो कसा वाटला असेल हेही समजू शकतं.

ती नळी आज कुणालाही पाहता येते. कुरसुरा निवृत्त झाल्यावर तिला विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर ओढून आणून वाळूवर ठेवलं आहे, २००२ पासून ते संग्रहालय आहे. ९१ मीटर लांबीची पाणबुडी बाहेरून प्रचंड वाटते. आत शिरल्यावर खांदे आखडूनच चालावं लागतं. गोल झडपांतून पाय उचलून एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं, आणि टॉर्पेडोंच्या शेजारी, वर, मधे जिथे जागा सापडेल तिथे झोपायच्या फळ्या. ७५ माणसांची ही सोय. शाळेच्या सहलीतली मुलं तिथे हमखास संडास कुठे आहे ते विचारतात, आणि मार्गदर्शक म्हणून उभे असलेले निवृत्त नौसैनिक उत्तर देताना हसतात. गाझी जिथे पडली आहे ती जागा त्याच किनाऱ्यासमोर आहे. २०२४ मध्ये नौदलाच्या खोल पाण्यातल्या बचाव वाहनानं तिचा सांगाडा पुन्हा शोधला. आत माणसं आहेत म्हणून त्याला हात लावला नाही.

हंगोरही संग्रहालयातच आहे, कराचीला. आणि खुकरी? तिचं नाव माझगाव गोदीत बांधलेल्या एका कॉर्व्हेटला दिलं गेलं. ती १९८९ मध्ये दाखल झाली, २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि मग दीवला नेऊन ठेवली, जिथे पहिल्या खुकरीचं स्मारक आधीपासून आहे. किरपाण आणि कुठार यांचं पुढे झालं ते त्या मानानं अगदी गद्य. १९७८ मध्ये दोन्ही नव्या तटरक्षक दलाला दिल्या गेल्या. पाणबुड्यांसाठी बांधलेली जहाजं आता सोन्याचे आणि घड्याळांचे तस्कर शोधू लागली. राजपूत त्याआधीच, १९७६ मध्ये, भंगारात गेली होती.

शोधायची अडचण मात्र तीच राहिली आहे. माझगाव गोदीत बांधलेली नवी करंज २०२१ मध्ये दाखल झाली, त्याआधी नवी कलवरी आणि खांदेरी. तिथेच बांधलेली मुरगाव ही विनाशिका २०२१ च्या १९ डिसेंबरला, गोवा मुक्तीच्या साठाव्या वर्षदिनी, चाचणीसाठी पहिल्यांदा समुद्रात गेली. पलीकडे पाकिस्तान चीनच्या मदतीनं आठ पाणबुड्या बांधतो आहे. त्या वर्गाचं नाव हंगोर, आणि पहिलीचं जलावतरण २०२४ च्या एप्रिलमध्ये वुहानला झालं. त्यातल्या एकीचं नाव गाझी आहे. दाबोळीच्या हंसा तळावर २०२२ पासून पी-८आय विमानांची तुकडी आहे. पाणबुडी शोधायला ही विमानं निघतात, तेव्हा पाण्यात ऐकणारी तरंगती यंत्रं टाकतात आणि त्याचबरोबर पाण्याचं तापमान खोलीप्रमाणे कसं बदलतं ते मोजणारंही एक यंत्र खाली सोडतात. अरबी समुद्रात आज आवाज किती लांब जाईल, हे आधी मोजूनच मग शोध सुरू होतो.